क्लिंगॉन शब्दांची फोड कशी करायची : व्युत्पत्ती आणि श्लेष शोधणाऱ्या नवशिक्यांसाठी

स्टार ट्रेक या अमेरिकन विज्ञानकथा मालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांची भाषा म्हणजे क्लिंगॉन. या भाषेत माशाला "ग़ोति’" म्हणतात. ऐकायला अगदी परग्रहावरचा शब्द. पण तो रोमन लिपीत लिहिला की जी-एच-ओ-टी-आय अशी अक्षरं समोर येतात, आणि इंग्रजी स्पेलिंगच्या गोंधळावरचं एक जुनं कोडं नेमकं याच अक्षरांचं आहे. इनफमधल्या जी-एचचा उच्चार फ, विमेनमधल्या ओचा इ, नेशनमधल्या टी-आयचा श. मग ही पाच अक्षरं वाचायची कशी? फिश! हे कोडं बर्नार्ड शॉ यांच्या नावावर सर्रास खपवलं जातं, प्रत्यक्षात ते त्यांच्या जन्माच्याही आधीचं आहे.

हा शब्द घडवला मार्क ओक्रांड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेच्या व्याकरणावर डॉक्टरेट केलेला माणूस. १९८४ सालच्या तिसऱ्या स्टार ट्रेक चित्रपटासाठी त्याने क्लिंगॉनचं व्याकरण आणि शब्दसंग्रह बांधला, १९८५ मध्ये त्याचा शब्दकोश आला आणि १९९२ मध्ये भर घातलेली आवृत्ती निघाली. पुढेही तो शब्द देत राहिला. भाषा शिकणारे लोक ओक्रांडकडून आलेला शब्दच अधिकृत मानतात. शोध घेणाऱ्याला ही मोठीच सोय आहे, कारण आपल्याला एकाच माणसाचं डोकं वाचायचं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रत्येक क्लिंगॉन शब्दाला दोन इतिहास असू शकतात. एक कथेतला, म्हणजे क्लिंगॉन लोकांच्या तोंडी तो शब्द कसा घडला असं मानलं जातं तो. दुसरा खरा, म्हणजे ओक्रांडला तो कसा सुचला असावा तो. नवशिक्यांचे बहुतेक घोटाळे या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतात.

पायरी १ : आधी कान तयार करा

क्लिंगॉन रोमन लिपीत लिहिताना लहान आणि मोठी अक्षरं वेगवेगळे ध्वनी दाखवतात, त्यामुळे ती मनाला येईल तशी बदलता येत नाहीत. या लेखात मी सगळं देवनागरीत लिहितो आहे, म्हणून माझी पद्धत सांगून टाकतो. ’ ही खूण म्हणजे घशात श्वास क्षणभर अडवणं. ख़ आणि ग़ हे घसा घासून काढलेले. क़ पडजिभेपाशी उच्चारायचा, आणि क़्ख़ तिथूनच, पण जोरात खरवडून. त्ल्ह म्हणताना जीभ त च्या जागी टेकवायची आणि हवा दोन्ही बाजूंनी सोडायची. व आणि व्ह वेगळे ध्वनी आहेत.

मराठी बोलणाऱ्याला इथे बरंच काही फुकटात मिळतं. क्लिंगॉनमधला ड आपल्याच ड सारखा मूर्धन्य आहे, ष शाळेत पोटफोड्या म्हणून शिकलेला तोच, आणि वाङ्मयमधला ङ तिथे शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. खरी गंमत मात्र जे नाही त्यात आहे. या भाषेत ड आहे पण ट नाही, ष आहे पण स नाही, आणि साधे क आणि ग तर मुळीच नाहीत. ही विषम रचना ओक्रांडने मुद्दाम केली, भाषा मानवी वाटू नये म्हणून.

श्लेष शोधताना याचा थेट उपयोग होतो. बाहेरचा शब्द क्लिंगॉनमध्ये शिरताना जवळचा ध्वनी घेऊन शिरतो: क चा क़, स चा ष, द चा ड, फ चा व्ह. कॉफीला "क़ा’व्हिन" म्हणतात. त्यात कॅफीन ऐकू आलं ना? तेच. स्टार ट्रेकमधल्या व्हल्कन या ग्रहाचं "व्हूलक़ान" होतं. हे बदल तोंडपाठ करा, पुढे लागतील.

ध्वनी बारकाईने पाहिले नाहीत तर काय होतं, याचा एक नमुना. क्लिंगॉनांच्या ग्रहाचं नाव "क़्ख़ो’नोष". आता "क़ो’" या शब्दाचा अर्थ आहे जग. नवशिक्याला वाटतं, सापडली व्युत्पत्ती, नावात जग दडलंय! पण ग्रहाच्या नावाची सुरुवात क़ ने होत नाही, क़्ख़ ने होते, आणि "क़्ख़ो’" या स्वतंत्र शब्दाचा अर्थ आहे नाही, मी करणार नाही. आपल्या कानाला जवळचे वाटणारे हे दोन ध्वनी क्लिंगॉनमध्ये क आणि ख इतके वेगळे आहेत. असा पुरावा बाद धरायचा.

पायरी २ : शब्द आतून उघडा

बाहेरचा श्लेष शोधण्याआधी शब्द भाषेच्या आतल्या साहित्यातून बनलाय का ते बघा. कित्येकदा उत्तर इथेच मिळतं.

प्रत्यय फार थोडे लागतात. क्रियापदाला "वि’" लावला की ते काम करणारा. "ग़ोज" म्हणजे शिकणे, "ग़ोजवि’" म्हणजे विद्यार्थी. मध्ये "मोख़" घातला की प्रयोजक होतं, शिकणेचं शिकवणे. म्हणून "ग़ोजमोख़वि’" म्हणजे शिक्षक. "बोक़्ख़" म्हणजे मदत करणे, आणि फोनवर वापरायच्या लोकप्रिय क्लिंगॉन कोशाचं नाव आहे "बोक़्ख़वि’", मदतनीस. नामाला "ख़ोम" लावला की छोटं, "’आ’" लावला की थोर. "यूक़्ख़" ग्रह, "यूक़्ख़ख़ोम" लघुग्रह. "बिक़्ख़" पाणी, "बिक़्ख़’आ’" समुद्र. "क़ेप" म्हणजे बैठक, म्हणून क्लिंगॉनप्रेमींच्या वार्षिक मेळाव्याला "क़ेप’आ’" म्हणतात. लाडाचा प्रत्यय "ओय" आहे: "षोष" आई, तर "षोषोय" हे आईला लाडाने.

जोडशब्द मराठी माणसाला अवघड जाऊ नयेत, कारण ते आपल्या तत्पुरुष समासासारखेच चालतात. विशेषण-पद आधी, मुख्य पद शेवटी. "ख़ोल" भाषा, "क़्ख़ेड" शास्त्र, "ख़ोलक़्ख़ेड" भाषाशास्त्र. "मू’" शब्द, "ग़ोम" समूह, "मू’ग़ोम" शब्दकोश. "मू’" शब्द, "त्ल्हेग़" दोरी किंवा ओळ, "मू’त्ल्हेग़" वाक्य. "क़्ख़ोङ" झोपणे, "डाक़" जागा, "क़्ख़ोङडाक़" बिछाना. मला यातला सर्वांत आवडता शब्द "यिनषिप". "यिन" म्हणजे जीवन, "षिप" म्हणजे वायू, दोन्ही मिळून ऑक्सिजन. आपला प्राणवायू शब्दशः तसाच घडला आहे, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच कल्पनेवर पोहोचू शकतात, हे ध्यानात असलेलं बरं.

पायरी ३ : फोड सगळ्या कुटुंबावर तपासा

एका शब्दाला चपखल बसलेली फोड त्याच्या भावंडांनाही बसली पाहिजे. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. नात्यांचे शब्द घेऊन बघू.

"व्हाव्ह" वडील, "षोष" आई. आजोबा "व्हाव्हनि’", आजी "षोषनि’". कोशात "नि’" हे स्वतंत्र क्रियापद आहे, अर्थ: दीर्घकाळ चालणे. लगेच डोक्यात दिवा लागतो: आजोबा म्हणजे दीर्घकाळचे वडील! छान वाटतं. आता पुढे चला. "लोड" पुरुष, "बे’" स्त्री. भाऊ "लोडनि’", बहीण "बे’नि’". भाऊ म्हणजे दीर्घकाळचा पुरुष? इथे फोड अडते. म्हणजे नात्यांच्या शब्दांतला "नि’" हा ते क्रियापद नसून निव्वळ सारखा ऐकू येणारा घटक असू शकतो, किंवा त्याला एखादा जुना अर्थ असेल. ओक्रांडने खुलासा केल्याशिवाय वहीत एवढंच लिहावं: हा घटक नात्याच्या शब्दांत येतो. तसंच "लोडनाल" नवरा आणि "बे’नाल" बायको. "नाल" लग्नाच्या नात्याशी जोडलेलं दिसतं, त्यापुढे पाऊल टाकायला आधार हवा. याउलट मुलं बघा: "पूक़" मूल, "पूक़लोड" मुलगा, "पूक़बे’" मुलगी. इथे प्रत्येक तुकड्याचा अर्थ जागच्या जागी बसतो, म्हणून ही फोड बिनधास्त मान्य करा.

नात्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. इंग्रजीत अंकल आणि आँट एवढ्यावर भागतं, क्लिंगॉनमध्ये नाही. काका "तेन्नूष", मामा "’इरनेख़", आत्या "’ए’माम", मावशी "मे’". चारही वेगळे, आपल्यासारखेच. मराठी वाचकाला हे इतकं घरचं वाटतं की तो "’ए’माम"मध्ये मामा शोधायला लागतो, आणि तो शब्द तर आत्याचा! हे चारही शब्द अजून फोडता येत नाहीत. ते तसेच सोडून द्यावेत.

नदीचा शब्द "बिक़्ख़तिक़" हाही अशाच तपासणीचा. "बिक़्ख़" पाणी हे उघड आहे. "तिक़" मात्र दोन आहेत. एकाचा अर्थ हृदय, दुसऱ्याचा लांब असणे. क्लिंगॉनमध्ये गुण दाखवणारं क्रियापद नामाच्या मागून येतं, त्यामुळे लांब पाणी ही फोड व्याकरणात बसते आणि नदीच्या अर्थालाही शोभते. पाण्याचं हृदय ही फोडही समासाच्या नियमात बसते, पण अर्थ ओढूनताणून लावावा लागतो. मी पहिलीच्या बाजूने आहे. तरी दोन्ही नोंदवाव्यात, कारण क्लिंगॉनमध्ये असे जुळे शब्द पोत्याने आहेत: "क़्ख़ूच" म्हणजे कपाळ आणि आनंदी असणेही, "क़ाब" म्हणजे चेहरा आणि वाईट असणेही, "डोच" म्हणजे वस्तू आणि उद्धट असणेही. प्रत्येक जोडीत नातं शोधायला गेलात तर हाताला काहीही लागेल आणि खरं काहीच निघणार नाही.

पायरी ४ : दोन इतिहास वेगळे ठेवा

"बेतलेख़" ही क्लिंगॉनांची प्रसिद्ध अर्धचंद्राकृती तलवार. कथेतला इतिहास ओक्रांडने स्वतः दिला आहे. "बात्ल्ह" म्हणजे मान, "’एत्ल्ह" म्हणजे तलवार. मानाची तलवार या जुन्या शब्दजोडीचे उच्चार झिजत झिजत "बेतलेख़" झालं. पण खरा क्रम उलटा आहे. हे शस्त्र डॅन करी यांनी दूरचित्रवाणी मालिकेसाठी बनवलं आणि ते १९९० मध्ये पडद्यावर आलं. नाव पटकथेतून आधीच रूढ झालं होतं. ते आपल्या भाषेच्या नियमांत बसवणारा इतिहास ओक्रांडने मागाहून रचला, आणि काय सुरेख रचला! खऱ्या भाषांत रोजच्या वापरातले जोडशब्द असेच झिजतात, म्हणून तो पटतो. तुमच्या नोंदीत दोन्ही ओळी असू द्या, एकीपुढे कथेत आणि दुसरीपुढे प्रत्यक्षात असं लिहून.

पृथ्वीचा शब्द "तेरा’" लॅटिनमधल्या टेराशी जुळतो. त्याला "ङान", म्हणजे रहिवासी, जोडलं की "तेरा’ङान", पृथ्वीवासी. तसेच "व्हूलक़ानङान". आता खुद्द "त्ल्हिङान", म्हणजे क्लिंगॉन, या शब्दाचा शेवटही "ङान" असाच ऐकू येतो. पण क्लिंगॉन हे नाव मालिकेत १९६७ पासून आहे, ओक्रांडच्या कितीतरी आधीपासून. आयत्या नावाचा शेवट आणि रहिवासी या अर्थाचा शब्द जुळून यावा ही युक्ती असेल, तर ती भाषा घडवणाऱ्याची हुशारी. त्यावरून नावाचं मूळ सिद्ध होत नाही.

पायरी ५ : आता बाहेर बघा

आतून फुटत नाही, अर्थ ठाशीव आहे आणि ध्वनी काहीतरी सुचवतोय, असा शब्द सापडला की श्लेषाची वेळ झाली. ओक्रांड अमेरिकन आहे, म्हणून संदर्भ बहुतेक इंग्रजीतले आणि अमेरिकेच्या लोकसंस्कृतीतले शोधायचे.

सगळ्यात भक्कम श्लेष म्हणजे ज्यात नाव आणि अर्थ दोन्ही बाजूंनी कुलूप बसतं. "चाङ’एङ" म्हणजे जोडी. चांग आणि एंग हे १८११ मध्ये सयाममध्ये जन्मलेले, एकमेकांना चिकटलेले जुळे भाऊ. सयामी जुळे हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच पडला. क्लिंगॉनमध्ये इतका लांब, दोन अवयवांचा शब्द जोडीसाठी योगायोगाने येणं जवळजवळ अशक्य. "लेषपाल" हे एक तंतुवाद्य. लेस पॉल हा अमेरिकन गिटारवादक, आणि त्याच्या नावाची गिटार जगभर वाजते. स चा ष झाला, बाकी जवळपास जसंच्या तसं.

दुसरा प्रकार वळसा घालून येणारा. "राष" म्हणजे टेबल. नुसतं ऐकून काही सुचत नाही, पण लॅटिनमधली कोरी पाटी या अर्थाची तबुला रासा ही जोडी आठवा. तिच्यातल्या तबुलापासूनच टेबल शब्द आला. ओक्रांडने तबुलाचा अर्थ घेतला आणि शेजारच्या रासाचा ध्वनी. "डाष" म्हणजे पायातला बूट. जर्मनमध्ये दास बोट म्हणजे नाव, होडी. पण त्यातल्या बोटचं स्पेलिंग इंग्रजी डोळ्यांना बूट असंच दिसतं. १९८१ मध्ये त्या नावाचा पाणबुडीवरचा चित्रपट गाजला होता, त्यामुळे ही जोडी अमेरिकन वाचकाच्या जिभेवर होती. हे दोन्ही श्लेष एकाच कारखान्यातले आहेत: प्रसिद्ध जोडी घ्यायची, एकीचा अर्थ ठेवायचा आणि दुसरीचा आवाज. ही रीत ओळखता आली की आणखी शब्द आपोआप उलगडू लागतात.

तिसरा प्रकार उलट्या अर्थाचा. "मोब" म्हणजे एकटा असणे, आणि इंग्रजीत मॉब म्हणजे जमाव. "क़ूल" म्हणजे आग, इंग्रजी कूल म्हणजे थंड. "माच" म्हणजे लहान असणे, मच म्हणजे पुष्कळ. "तिन" म्हणजे मोठा असणे, तर टायनी म्हणजे चिमुकला. एखादंच उदाहरण असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. चार-चार एका दिशेने निघाल्यावर मुद्दाम केल्याची शक्यता वाढते.

मग नुसत्या आवाजाचे शब्द. "बिर" म्हणजे थंड असणे, कुडकुडल्यासारखं. "ख़ाग़" म्हणजे हसणे. "ख़िक़" म्हणजे मद्य, त्यात उचकी ऐकू येते. "’ओय’" म्हणजे वेदना, आणि "नाक़्ख़" म्हणजे काठी जोडली की "’ओय’नाक़्ख़", वेदना देणारा दंड. शल्यचिकित्सकाचा शब्द "ख़ाक़वि’": "ख़ाक़" शस्त्रक्रिया करणे, "वि’" करणारा, आणि इंग्रजी हॅक म्हणजे कसंही तोडणे. एकाच शब्दात आतली फोड आणि बाहेरचा श्लेष दोन्ही.

पायरी ६ : मराठी कानाला आवर घाला

"राम" म्हणजे रात्र. "नाच" म्हणजे डोकं. "चाल" म्हणजे आकाश. यात श्लेष नाही हे लगेच कळतं, कारण ओक्रांड मराठी वाचकाला डोळा मारत नव्हता. पण "माष" म्हणजे चंद्र? संस्कृतात मास शब्दाचं चंद्राशी जुनं नातं आहे, आणि ओक्रांड भाषाशास्त्रज्ञ आहे. मोह होतोच. तरीही एक अवयवाचे, तीन ध्वनींचे शब्द हजारोंनी असले की कुठल्याही भाषेशी काही ना काही जुळणारच. अशा जुळणीला मी तीन प्रश्न विचारतो. तो संदर्भ शब्द घडवणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे का? अर्थ नेमका जुळतो का, की फिरवावा लागतो? आणि हीच रीत आणखी कुठे दिसते का? "चाङ’एङ" तिन्हींत पास होतो. "माष" मधल्या प्रश्नावर अर्धा आणि बाकी दोन्हींवर नापास.

पायरी ७ : वही

प्रत्येक शब्दापुढे पाच गोष्टी लिहा: मूळ लेखन लहान-मोठ्या अक्षरांसह अचूक, अर्थ, शब्द पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या वर्षी आला, आतली फोड, बाहेरचा संदर्भ. शेवटच्या दोन रकान्यांपुढे खात्रीचा शेरा हवा: ओक्रांडने सांगितलेलं, उघड, संभाव्य किंवा योगायोग. वर्षाला महत्त्व द्या. सुरुवातीचे शब्द चित्रपटातल्या संवादांची गरज भागवायला घडले. पुढे, १९९२ मध्ये क्लिंगॉन भाषा संस्था सुरू झाल्यावर, शिकणाऱ्यांनी मागितलेले शब्द ओक्रांड देऊ लागला. तेव्हा मागणारे आणि देणारा दोघंही श्लेषाच्या शोधात असत. म्हणून नंतरच्या शब्दांत चावटपणा सापडण्याची शक्यता जास्त धरा. कोश इंग्रजीकडून क्लिंगॉनकडे आणि उलट, असा दोन्ही बाजूंनी चाळा. बरेच श्लेष अर्थ आधी वाचला तरच दिसतात.

सरावाला हे शब्द घ्या. "जोलपा’", जेव्हा "जोल" म्हणजे माणसाला एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवणारा किरण आणि "पा’" म्हणजे खोली. "लेषपोख़", जेव्हा "लेष" म्हणजे विश्रांती घेणे आणि "पोख़" म्हणजे कालावधी. "नूख़पिन", जेव्हा "नूख़" म्हणजे शस्त्र आणि "पिन" म्हणजे वरिष्ठ. "षूत" म्हणजे कपडे. हा श्लेष मानायचा की सरळ उसनवारी, ते ठरवा आणि कारण लिहा. आणि शेवटी "षोष" आणि "व्हाव्ह", आई आणि वडील, दोन्ही उजवीकडून डावीकडे वाचले तरी तेच राहतात. कोशातले असे दोन्हीकडून सारखे शब्द शोधून काढा, त्यांत नात्यांचे किती आणि इतर किती ते मोजा, मगच या जोडीपुढे शेरा मारा.